‘व्यायाम करा’ म्हणजे नेमकं काय करा? मधुमेह, व्यायाम आणि संशोधन वाचण्याची सवय

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे बाबा नेहमीप्रमाणे पहाटे तळजाईवर फिरायला गेले होते. आदल्याच आठवड्यात साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या ग्लिमेपिराइडच्या गोळीची मात्रा वाढवली होती आणि ‘रोज भरभर चाला’ असंही सांगितलं होतं. बाबा शिस्तीचे. त्यांनी उठल्याउठल्या गोळी घेतली. ‘उपाशीपोटी चाललं की चरबी जास्त जळते’ असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून चहासुद्धा घेतला नाही. वर दोन फेऱ्या नेहमीपेक्षा जास्त मारल्या. परतताना उतारावर हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. बरोबरच्या काकांना वाटलं, हार्ट अटॅकच. नशिबानं तिथं फिरायला आलेल्या एका बाईंना स्वतःलाच मधुमेह होता. त्यांनी लक्षणं ओळखली आणि पिशवीतली ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून बाबांना पाजली. दहा-पंधरा मिनिटांत बाबा सावरले.

त्या सकाळी आम्ही सगळेच घाबरलो. पण खरं नुकसान झालं ते नंतर. पुढचे पाच महिने बाबा चाललेच नाहीत. ‘चाललं की मला चक्कर येते’ हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. या पाच महिन्यांत त्यांचं एचबीए१सी ७.९ वरून ८.८ वर गेलं.

मी तेव्हा पेटची तयारी करत होते. आज व्यायामाच्या शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. करतेय आणि विषय निवडण्यामागे ती सकाळ आहेच. कारण तेव्हा एक गोष्ट मला खटकली होती. गोळीच्या चिठ्ठीवर नाव होतं, मिलिग्रॅम होते, दिवसातून किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर तेही लिहिलेलं होतं. व्यायामापुढे मात्र दोनच शब्द होते: ‘रोज चाला’. साखर दोन्हींनी उतरते. मग एकाची मात्रा लिहायची आणि दुसऱ्याची नाही, असं का?

आजच्या लेखात मी दोन गोष्टी एकदम करणार आहे. मधुमेहात (मुख्यतः टाइप २ मधुमेहात) कोणता व्यायाम, किती, कधी आणि कोणती काळजी घेऊन करावा याबद्दल संशोधन काय सांगतं ते मांडणार आहे. आणि ते मांडताना असे शोधनिबंध वाचायचे कसे हेही दाखवणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस किंवा लिटरेचर रिव्ह्यू लिहिताय. एक सूचना आधीच देते. हा लेख समजून घेण्यासाठी आहे. घरातल्या कुणाची गोळी किंवा इन्सुलिन याच्या भरवशावर बदलू नका, ते काम त्यांच्या डॉक्टरांचं.

स्नायूचे दोन रस्ते

रक्तातलं ग्लुकोज स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही. त्याला आत नेणारं एक प्रथिन असतं, ग्लुट-४. एरवी ते पेशीच्या आत पडून असतं. इन्सुलिनचा निरोप आला की ते पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोजला आत घेतं. टाइप २ मधुमेहात बिघडतो तो हा निरोप. इन्सुलिन असतं, पण पेशी त्याचं नीट ऐकत नाही. यालाच आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो.

आता गंमत बघा. स्नायू आकुंचन पावतो तेव्हाही ग्लुट-४ पृष्ठभागावर येतं आणि त्यासाठी इन्सुलिनच्या निरोपाची गरज नसते. हा दुसरा रस्ता टाइप २ मधुमेह असलेल्या माणसातही बऱ्यापैकी शाबूत असतो. म्हणून चालायला लागलं की साखर स्नायूत जायला लागते. व्यायाम संपल्यावरही पुढचे काही तास, कधी कधी दोन-तीन दिवस, स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतो. मग तो परिणाम ओसरतो. ‘सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको’ हा मार्गदर्शक सूचनांमधला नियम इथूनच येतो. रविवारी एकदम तीन तास चालून आठवड्याची भरपाई का होत नाही, याचंही उत्तर इथंच आहे.

धोकाही याच ठिकाणी आहे. लंडनचे डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांना स्वतःला मधुमेह होता आणि इन्सुलिनमुळेच ते वाचले होते. व्यायामानं इन्सुलिनचा परिणाम वाढतो, हे त्यांनी १९२६ मध्येच दाखवलं. म्हणजे इन्सुलिन आलं आणि चार-पाच वर्षांत ही गोष्ट नोंदवली गेली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि त्या वेळी साखर किती आहे याची फारशी पर्वा करत नाहीत. बाबांच्या बाबतीत काय झालं ते आता लक्षात येईल. वाढवलेली गोळी, रिकामं पोट आणि जास्तीच्या दोन फेऱ्या या तिन्ही गोष्टींनी साखर एकाच दिशेला खेचली. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसाला तीच फेरी बहुधा काही न होता पार पडली असती.

सल्ला वेगळा, व्यायाम वेगळा

२०११ मध्ये उम्पिएरे आणि सहकाऱ्यांनी एक मेटा-अ‍ॅनालिसिस प्रसिद्ध केलं. त्यात टाइप २ मधुमेहावरच्या ४७ चाचण्या आणि साडेआठ हजार रुग्ण होते. त्यांनी चाचण्यांची दोन ढिगांत विभागणी केली. एकात लोकांकडून ठरवून, आखून व्यायाम करून घेतला होता. दुसऱ्यात फक्त ‘हालचाल वाढवा’ असा सल्ला दिला होता. आखून करून घेतलेल्या व्यायामानं एचबीए१सी सरासरी ०.६७ नं कमी झालं. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम असेल तर ०.८९, त्याहून कमी असेल तर ०.३६. नुसत्या सल्ल्यानं मात्र, सोबत आहाराचा सल्ला नसेल तर, काही फरक पडला नाही.

इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या, व्हायवात हमखास विचारतात. एचबीए१सी हे टक्क्यांत मोजतात. त्यामुळे ‘०.६७ नं कमी’ म्हणजे ८.० वरून ७.३३. आधीच्या आकड्याच्या ०.६७ टक्के असा त्याचा अर्थ नाही. हा फरक न कळल्यामुळे अनेक जण एवढा मोठा परिणाम किरकोळ समजून सोडून देतात. मधुमेहाच्या कितीतरी गोळ्यांचा परिणाम साधारण याच पट्ट्यात असतो.

दुसरा मुद्दा वजनाचा. २००१ मध्ये बूले आणि सहकाऱ्यांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये व्यायाम गटाचं एचबीए१सी ०.६६ नं कमी निघालं, पण वजनात म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे काटा हलला नाही तरी स्नायूचं काम सुरू असतं. ‘तीन महिने झाले, एक किलोही उतरलं नाही, सोडून दिलं’ असं म्हणणारे काका-काकू तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना हा निष्कर्ष जरूर सांगा.

चालणं की वजनं? दोन चाचण्यांची गोष्ट

आता माझा आवडता भाग. एकाच प्रश्नावरच्या दोन चांगल्या चाचण्या शेजारी ठेवून वाचायच्या.

पहिली कॅनडातली, ‘डेअर’ नावानं ओळखली जाणारी, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली. टाइप २ मधुमेह असलेले २५१ प्रौढ आणि चार गट: एरोबिक व्यायाम, वजनांचा व्यायाम, दोन्ही एकत्र, आणि तुलनेसाठी काहीच न करणारा गट. आठवड्यातून तीन दिवस, २२ आठवडे. तुलना गटाच्या मानानं एरोबिकनं एचबीए१सी ०.५१ नं उतरलं, वजनांनी ०.३८ नं. दोन्ही एकत्र करणाऱ्यांना नुसत्या एरोबिकपेक्षा आणखी ०.४६ चा फायदा झाला. निष्कर्ष सरळ वाटतो, की दोन्ही एकत्र करणं सर्वांत चांगलं.

पण पद्धतीचा भाग वाचा. ‘दोन्ही’ गटानं एरोबिकचा पूर्ण कार्यक्रम केला आणि वजनांचाही पूर्ण केला. म्हणजे त्यांचा एकूण वेळ बाकीच्यांपेक्षा बराच जास्त होता. मग फायदा मिश्रणामुळे झाला की जास्त वेळामुळे? या रचनेतून ते सुटं करता येत नाही.

दुसरी चाचणी अमेरिकेत लुइझियानात झाली, ‘हार्ट-डी’, २०१० ची. २६२ बैठ्या जीवनशैलीचे लोक, नऊ महिने. इथं संशोधकांनी तिन्ही व्यायाम गटांना लागणारा वेळ जवळपास सारखा ठेवला. मिश्र गटात एरोबिक थोडं कमी केलं, वजनंही थोडी कमी केली. निकाल असा लागला: मिश्र गटात तुलना गटाच्या मानानं ०.३४ ची घट, आणि ती सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय. नुसत्या एरोबिक गटात ०.२४ आणि नुसत्या वजनांच्या गटात ०.१६, पण या दोन्ही लक्षणीय नाहीत.

म्हणजे वेळ सारखा ठेवूनही मिश्रणाचं पारडं थोडं जड राहिलं. पहिल्या चाचणीनं उघडा ठेवलेला प्रश्न दुसरीनं रचनेतूनच हाताळला. रिसर्च गॅप म्हणजे काय, हे मला विचाराल तर या जोडीइतकं छान उदाहरण क्वचितच सापडेल. ‘या विषयावर काम झालेलं नाही’ असं लिहिणं म्हणजे गॅप दाखवणं नव्हे. ‘झालेल्या कामातून हे नेमकं का कळत नाही’ ते सांगता आलं पाहिजे.

आणखी एक सापळा बघा. ‘हार्ट-डी’ वाचून कुणी लिहिलं की ‘नुसतं चालण्याचा उपयोग होत नाही’, तर ते चूक ठरेल. लक्षणीय फरक दिसला नाही याचा अर्थ फरक नाहीच असा होत नाही. आकडा घटीकडेच झुकलेला होता, फक्त या नमुन्यात खात्रीनं सांगण्याइतका स्पष्ट नव्हता.

वजनांचा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा असू शकतो, असं मला वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर सडपातळ दिसला तरी त्याच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, हे दोन माणसांच्या एका फोटोतून जगाला कळलं. साखर रिचवायचं मोठं कोठार स्नायू आहे, तर ते वाढवण्याकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवं, हा तर्क त्यातून निघतो. मात्र हा तर्क आहे, सिद्ध झालेला निष्कर्ष नाही. प्रबंधात असं वाक्य लिहाल तेव्हा या दोन गोष्टींतली सीमा स्पष्ट ठेवा.

‘वजनं’ म्हणजे जिमच हवं असंही नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा, एवढ्यावर सुरुवात होते. फक्त जोर लावताना श्वास रोखायचा नाही.

किती आणि कधी?

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१६ च्या निवेदनात जे सांगितलंय त्याचा गाभा असा:

- आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम ते जोरकस एरोबिक व्यायाम, किमान तीन दिवसांत विभागून, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नाही.
- आठवड्यातून दोन-तीन दिवस, लागोपाठ न येतील असे, स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम.
- बसून काम असेल तर दर अर्ध्या तासानं थोडी हालचाल.
- वयस्कर लोकांसाठी तोल सांभाळण्याचे आणि लवचिकतेचे व्यायाम.

‘मध्यम’ कसं ओळखायचं? घड्याळ नको, यंत्र नको. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. दोन वाक्यांतच धाप लागत असेल तर तो जोरकस व्यायाम झाला.

आणि वेळ? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक साधी, सुंदर चाचणी प्रसिद्ध केली. टाइप २ मधुमेह असलेले ४१ लोक. प्रत्येकाला दोन आठवडे सांगितलं, ‘दिवसातून कधीही ३० मिनिटं चाला’ आणि दुसऱ्या दोन आठवड्यांत सांगितलं, ‘प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला’. मध्ये महिनाभराची मोकळीक. एकूण वेळ तोच, फक्त विभागणी वेगळी. जेवणानंतरची साखरेची वाढ दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी निघाली आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी.

ही रचना क्रॉसओव्हर म्हणून ओळखली जाते. त्यात प्रत्येक माणूस स्वतःचाच तुलना गट असतो. त्यामुळे वय, वजन, गोळ्या, खाण्याच्या सवयी यांतल्या माणसामाणसांतल्या फरकांचा गोंधळ कमी होतो आणि ४१ जणांतही नीट उत्तर मिळतं. मर्यादाही ध्यानात ठेवा. दोन-दोन आठवड्यांत एचबीए१सी बदललं का ते कळू शकत नाही, कारण तो आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ‘जेवणानंतरची साखर कमी वाढली’ एवढंच म्हणायचं, त्यापुढे एक पाऊलही टाकायचं नाही.

तरी आपल्या घरांचा विचार केला तर हा निष्कर्ष कामाचा आहे. आपलं रात्रीचं जेवण उशिरा, त्यात भात-पोळी दोन्ही, आणि लगेच टीव्हीसमोर बैठक. शतपावली ही जुनी सवय आपल्याकडे होतीच. फक्त शंभर पावलांवर न थांबता ती दहा मिनिटांपर्यंत न्यायची.

काळजी कोणती, कोणासाठी?

सुरक्षिततेचे नियम सरसकट सगळ्यांना लावले की दोन चुका होतात. ज्याला धोका नाही तो घाबरतो आणि ज्याला आहे तो सावध होत नाही. म्हणून माणसानुसार बघू.

*इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणारे.* यांनी व्यायामाआधी साखर तपासावी. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी थोडं खावं, १५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे उदाहरणार्थ एखादं केळं. खिशात ग्लुकोज असावंच. साखर ७० च्या खाली गेली किंवा थरथर, घाम, गोंधळल्यासारखं वाटायला लागलं की थांबायचं, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं. संध्याकाळी जास्त व्यायाम झाला तर साखर रात्री झोपेतही उतरू शकते, हे घरच्यांनाही ठाऊक असलेलं बरं. आणि असा प्रसंग पुन्हा घडत असेल तर व्यायाम बंद न करता औषधाची मात्रा आणि वेळ यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. आपल्याकडे व्होग्लिबोज ही गोळी बरीच दिली जाते. ती साध्या साखरेचं विघटन लांबवते. असा रुग्ण साखर उतरल्यावर चमचाभर साखर किंवा गोळी-बिस्कीट खाईल तर परिणाम उशिरा होईल. त्याला ग्लुकोजच हवं. तळजाईवरच्या त्या बाईंकडे ग्लुकोजच होतं, ही त्यांची जागरूकता.

*साखर खूप वाढलेली असताना.* २५० च्या वर साखर आणि त्यासोबत लघवीत किंवा रक्तात कीटोन असतील, किंवा उलट्या, अशक्तपणा असेल, तर व्यायाम नको. शरीरात इन्सुलिनचाच तुटवडा असताना व्यायामानं साखर आणि कीटोन आणखी वाढू शकतात. टाइप १ मधुमेहात याला विशेष महत्त्व आहे.

*पायांची संवेदना कमी झालेले.* पूर्वी यांना चालायलाच मनाई करायचे, पायाला जखम होईल म्हणून. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फीट फर्स्ट’ या अमेरिकी चाचणीत पायाच्या नसा बिघडलेल्या ७९ जणांना घेऊन हे तपासलं. एका गटाला सांभाळून, टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. वर्षभरात या गटात जखमा वाढल्या नाहीत. नमुना लहान आहे, पण सरसकट मनाईला आधार नव्हता हे त्यातून दिसलं. अट मात्र आहे: पायात बसतील असे बूट, मोजे, आणि रोज रात्री तळपाय बघणं. सकाळी दवात गवतावर अनवाणी चालायची आपल्याकडे फार हौस. संवेदना नसलेल्या पायाला काटा टोचला तरी कळत नाही, म्हणून यांनी ती हौस सोडावी. पायाला उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत त्या पायावर भार नको.

*डोळ्यांच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या आलेले.* श्वास रोखून जड वजन उचलणं, उड्या, आणि शीर्षासन-सर्वांगासनासारखी डोकं खाली करायची आसनं टाळायची, कारण डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. साधं चालणं सहसा चालतं, पण नेत्रतज्ज्ञांना विचारून.

*छातीत दडपण, अकारण धाप, भोवळ.* मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी न दुखताच येतं. अशी लक्षणं असतील, किंवा वर्षानुवर्षं बैठं आयुष्य काढून एकदम जोरकस व्यायाम सुरू करायचा असेल, तर आधी तपासणी.

मी केलेली चूक

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी चीनमधल्या ‘दाचिंग’ अभ्यासाचे आकडे ठोकून दिले होते. १९८६ मध्ये सुरू झालेला, ५७७ लोकांचा अभ्यास. सहा वर्षांत तुलना गटातल्या ६७.७ टक्के लोकांना मधुमेह झाला, व्यायाम गटातल्या ४१.१ टक्के लोकांना. मी खाली लिहिलं, ‘यावरून व्यायाम मधुमेहावर परिणामकारक असल्याचे सिद्ध होते.’ माझ्या गाइडनी त्या वाक्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘यांना मधुमेह होता का?’

नव्हता. ते सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक होते. त्या अभ्यासानं प्रतिबंधाचा प्रश्न विचारला होता, माझा प्रश्न उपचाराचा होता. शिवाय तिथं माणसं नव्हे, तर ३३ दवाखाने गटांत वाटले होते, याकडेही माझं लक्ष नव्हतं. आकडा खरा, संदर्भ खरा, तरी वाक्य खोटं. तेव्हापासून व्यायामावरचा कुठलाही निबंध हाती घेतला की मी वहीत पाच प्रश्न लिहिते:

१. *कोणावर?* मधुमेह होता की व्हायचा होता? कोणती औषधं? ‘डेअर’मध्ये तर आधी चार आठवडे नियमित येऊन दाखवणाऱ्यांनाच चाचणीत घेतलं होतं. आळशी माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावता येईल का?

२. *कशाच्या तुलनेत?* गटागटांत व्यायामाच्या प्रकाराबरोबर वेळही बदलला का?

३. *नेमकं काय करून घेतलं?* किती दिवस, किती वेळ, किती जोर, कोणाच्या देखरेखीखाली? यासाठी २०१६ पासून ‘सर्ट’ नावाची १६ मुद्द्यांची यादी उपलब्ध आहे. स्वतःची चाचणी आखताना ती समोर ठेवा.

४. *काय मोजलं?* अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ चाचणीत ५,१४५ लोक होते. आहार-व्यायामानं वजन, साखर, दमश्वास सुधारले, तरीही सुमारे साडेनऊ वर्षांनंतर हृदयविकाराच्या घटनांत फरक दिसला नाही. साखर सुधारली म्हणजे हृदय वाचलंच, असं गृहीत धरता येत नाही.

५. *अपाय मोजला का?* किती जणांची साखर उतरली, किती पडले, किती सोडून गेले? हा तक्ता नसेल तर त्या व्यायामाला ‘सुरक्षित’ म्हणू नका. ‘अपाय नोंदवले नाहीत’ एवढंच म्हणा.

पाचवा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात जवळचा आहे. कारण एका सकाळच्या अपायानं बाबांचा पाच महिन्यांचा फायदा हिरावून घेतला, आणि असा माणूस कुठल्याही सरासरीत दिसत नाही. चाचणी सोडून गेलेल्यांच्या आकड्यात तो निमूट बसलेला असतो.

बाबा आता पुन्हा चालतात. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली आणि ती न्याहारीसोबत घ्यायला सांगितली. पहाटेची फेरी आता न्याहारीनंतर होते. रात्री जेवण झालं की आई आणि ते सोसायटीच्या आवारात दहा-बारा मिनिटं फिरतात. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठाबशा, त्याही आईच मोजते, कारण बाबा आकड्यांत सूट घेतात. शेवटचं एचबीए१सी ७.३ आलं. हे एका माणसाचं उदाहरण आहे, पुरावा नव्हे, आणि त्यात गोळी, वेळ, आहार सगळंच बदललंय, हे मला माहीत आहे.

तरी फ्रिजवर लावलेल्या त्यांच्या औषधांच्या यादीत आता एक ओळ जास्त आहे. ‘चालणे, १० मिनिटे, जेवणानंतर, दिवसातून तीन वेळा.’ ही ओळ मी लिहिली आणि डॉक्टरांना दाखवून मगच लावली.